चोवीस तारखेच्या आत एक बाई

माझ्या बायकोचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. आपली ओळख नसताना हे मी ठामपणे म्हणतो, कारण हिशेब माझ्याकडे आहे. एकशे चौदा लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' असं सांगणारी हीच. दोन बँकांच्या फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणणारीही हीच. मुलांच्या एका मालिकेत सात वर्षं खार होती ती हीच. पुढे खारीला मालिकेतून काढलं, का ते कोणी कळवलं नाही. वजन कमी करायच्या गोळीच्या जाहिरातीत शेवटी एका श्वासात 'अटी लागू' म्हणून टाकणारीसुद्धा हीच. एकवीस वर्षांत आमच्या हिने यंत्रं केली, प्राणी केले, एकदा कपडे धुण्याची पावडर केली. माणूस तेवढा राहिला.

आणि मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती पडद्यावर दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी. "काढून टाकू, काळजीचं कारण नाही," ते म्हणाले, आणि आम्ही दारापर्यंत पोचल्यावर, डॉक्टरांच्या पद्धतीप्रमाणे, खरं ते म्हणाले. "आवाज राहील. हाच राहील असं मात्र लिहून देता येणार नाही."

मी लिहून मागितलं नव्हतं. पण पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख कक्षात मी तेहतीस वर्षं काढली आहेत. जे लिहून देता येत नाही ते काय असतं, हे मला पुरतं ठाऊक आहे.

शस्त्रक्रिया चोवीस तारखेला ठरली, म्हणजे पाच आठवडे हातात. तोवर दिवसाला पंधरा मिनिटंच बोलायचं, बाकी वहीत लिहायचं. परतताना बसमध्ये हिने त्या दिवसाच्या पंधरातलं अर्धं मिनिट खर्च केलं.

"अहो, चोवीसच्या आत एकदा एक बाई करायची आहे. खार नको, लिफ्ट नको. बाई."

"बघतो," मी म्हणालो.

नवऱ्याने 'बघतो' म्हटलं की बायका विषय सोडून देतात, हा आमच्या घरातला जुना आणि सुखाचा रिवाज. या वेळी मी खरोखरच बघायला घेतलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

पूर्वी स्टुडिओतून फोन यायचा, "वहिनी, उद्या दहाला या." आता भूमिका एका संकेतस्थळावरून येतात. कलाकाराने तिथे आपली माहिती भरून ठेवायची. ती वाचून यंत्र ठरवतं की कोणाला काय विचारायचं. भूमिका आली की मोबाइल टिंग करतो, आणि तिथून वीस मिनिटांत 'स्वीकार' हे बटण दाबून चार ओळींचा नमुना बोलून पाठवायचा. वीस मिनिटं उलटली की भूमिका दुसऱ्याकडे आणि तुमच्या गुणांत घट. हिचे गुण शंभरपैकी एकाहत्तर होते. कारण ही वीस मिनिटं वाचत बसायची.

"कपाटात शीर की आता! अकरा मिनिटं गेली!" मी ओरडायचो. नमुना बोलायची आमची जागा म्हणजे शयनगृहातलं कपड्यांचं कपाट. मधला कप्पा काढून आत स्टूल ठेवलंय, दाराला दोन गोधड्या ठोकल्या आहेत. आत आवाज घुमत नाही, माणूस मात्र उकडतो.

हिने वहीत लिहिलं : 'कोण बोलतंय ते आधी कळू दे.'

"झुरळ बोलतंय. औषध मारल्यावर."

'कुठल्या घरातलं झुरळ?' हिने लिहिलं.

अशा माणसाला व्यवस्थापकाची गरज असते. मी जेवणाच्या टेबलावर कार्यालय थाटलं : एक नोंदवही, दोन पेनं, मोबाइल उभा ठेवायला चहाचा कप. आलेल्या भूमिका, गेलेल्या भूमिका, कारणं, आणि शेवटच्या रकान्यात हिच्या बोलण्याची मिनिटं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की पंधरातली चौदा मिनिटं नमुन्यांत जातात, आणि माझ्या वाट्याला उरलेल्या एका मिनिटात ही 'दूध उतू जातंय' म्हणते. नोंद केली.

समोरच्या दारातले विमेवाले संध्याकाळी चौकशीला आले. ते चौकशीला आले की बसतात, आणि बसले की सल्ला देतात.

"साहेब, माहितीच चुकीची भरलीय तुम्ही. कुठले आवाज काढता येतात त्याच्या चौसष्ट चौकटी आहेत आणि वहिनींनी नऊवर खूण केलीय! सगळ्यांवर करा. माणसाने गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं ते शेवटी, सुरुवातीला नाही."

ही मान हलवत होती. मला वाटलं होकारार्थी. मी चौसष्टच्या चौसष्ट चौकटींवर खूण केली.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस भूमिका आल्या. आठ वर्षांचा मुलगा. जखमी म्हैस. कवायत घेणारा सुभेदार. नळाची गळती (सौम्य). नळाची गळती (तीव्र). यातली गळती मला जवळची होती, पण ही बाई नव्हे. मी नकार द्यायला बसलो. नकाराखाली 'कारण असल्यास' अशी एक ओळ होती आणि तिथेच माझ्यातला अभिलेख कक्ष जागा झाला. अशी ओळ रिकामी सोडणारा माणूस आमच्या कक्षात टिकायचा नाही. म्हशीखाली मी लिहिलं : 'सदर कलाकार विवाहित असून तिची ध्वनिपातळी लक्षात घेता प्रस्तुत भूमिका अनुरूप नाही. तरी क्षमस्व.' त्रेचाळीस कारणं, प्रत्येक वेगळं. संध्याकाळी पाठ दुखली, पण काम केल्याचं समाधान होतं.

गुण अडतीस झाले. नकार दिला की पाऊण गुण जातो म्हणे, आणि कारण लिहून दिलेला नकार यंत्र 'वाद' या सदरात टाकतं.

"कारण कशाला लिहिलंत?" विमेवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"रकाना होता."

"रकाना दिसला म्हणून लिहिलंत, विहीर दिसली तर उडी माराल?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, आमच्या जिन्यातून नाही. त्यांनी मोबाइल चष्म्याजवळ धरून आमचं सगळं पान तपासलं आणि बोट ठेवलं. "हे काय? 'आवाजाची सध्याची अवस्था'. कोरं?"

"अजिबात भरू नका!" विमेवाले उठून उभेच राहिले. "आजार लिहायचा नसतो साहेब. लोकांकडून आजार लिहून घेण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो."

"म्हणजे खोटं बोलायचं?" बाई म्हणाल्या.

"कोरं म्हणजे खोटं नव्हे!"

"माझ्या शाळेत कोऱ्याला शून्य मिळायचं."

हिने वही उघडली होती, पेन शोधत होती. पेनं दोन्ही माझ्याकडे. पेन तिच्या हातात पडेपर्यंत मी भरून मोकळा झालो होतो : 'स्वरयंत्रावर गाठ. शस्त्रक्रिया दि. २४ रोजी नियोजित.' वहीत हिने लिहिलेलं 'नको' मी नंतर वाचलं. दोनदा अधोरेखित होतं.

आणि मग यंत्राला आम्ही कळलो. म्हैस बंद झाली, मुलगा बंद झाला, गळती थांबली. बायका येऊ लागल्या. हाडामांसाच्या, नावगाव असलेल्या बायका. मी आनंदाने पहिली ओळ मोठ्याने वाचली : 'खाटेवर पडून. श्वास लागलेला. मुलीला.' दुसरी : 'अतिदक्षता विभाग. क्षीण.' तिसरी एका दवाखान्याची जाहिरात होती आणि तिच्यातली बाई वेळेत त्या दवाखान्यात न गेलेली होती.

दोन आठवड्यांत माझी बायको एकोणीस वेळा मेली. आमच्या कपाटात, माझ्या हिवाळी कोटाखाली. बाहेर मी घड्याळ घेऊन उभा. आतून खोकला, मग थरथरता आवाज, "सांभाळून राहा रे," मग शांतता, आणि मग दारावर दोन टकटक, म्हणजे झालं. खोकला कुठे संपतो आणि काम कुठे सुरू होतं, हे मला पहिले काही दिवस कळायचं. नंतर कळेनासं झालं. एकदा टकटक व्हायला उशीर झाला. मी दार उघडलं. ही स्टुलावर बसून कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती. मला बघून तिने बाही सोडली आणि वहीत लिहिलं, 'उकडतंय.' मीही मग उकडण्याबद्दलच बोललो. पंखा आत बसेल का, वगैरे.

भिंती पातळ. मुख्याध्यापिका बाई रोज अकराला जिन्यात खुर्ची टाकून बसू लागल्या.

"कालचं छान होतं," त्या म्हणाल्या. "ते 'पाणी नको' म्हटलं ना तुझ्या बायकोने जाता जाता, फार लागलं बघ मला. आजचं घाईत उरकलं."

"'पाणी नको' लिहिलेलं नव्हतं हो. तिने मनाचं घातलं."

"मग तेच चांगलं होतं."

मरणाला गुण मात्र भरपूर मिळतात. आम्ही पुन्हा साठावर आलो. पण काम एकही मिळालं नाही. सगळे नमुनेच. आणि ही दिवसेंदिवस वहीतही कमी लिहू लागली. एके सकाळी फक्त एवढंच लिहिलं होतं : 'मेलेली बाई म्हणजे बाई नव्हे.' त्याखाली : 'अर्ज करू नका.'

मी अर्ज केला. तीन पानी, परिच्छेदांना क्रमांक, शेवटी सूचना. एक, कलाकाराला भूमिका त्याच्या कामावरून द्यावी, दुखण्यावरून नव्हे. दोन, वीस मिनिटांऐवजी दोन दिवस मुदत द्यावी, कारण काही कलाकार आधी वाचतात. तीन, नकाराचं कारण सभ्यपणे लिहिणाऱ्याला शिक्षा नसावी. अर्ज अपलोड झाला, त्याचा तक्रार क्रमांक आला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तक्रार क्रमांक मिळाल्यावर जे वाटतं ते सरकारी नोकरी केल्याशिवाय कळायचं नाही.

चार दिवस उत्तर नाही, म्हणून मी मदत क्रमांकावर फोन लावला.

"नमस्कार," पलीकडून आमची ही म्हणाली. "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

मी फोन कानापासून दूर धरून स्वयंपाकघरात पाहिलं. ही तोंड मिटून भाजी निवडत होती.

"आपली वेळ आम्हाला मोलाची आहे," फोनमधली म्हणाली. काय आवाज होता! स्वच्छ, गोल, गाठबीठ काही नाही. सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीसाठी बोललेलं ते, फिरत फिरत इथे आलं होतं. चार आठवड्यांत ही माझ्याशी इतकं सलग पहिल्यांदाच बोलत होती. खरं सांगतो, माणूस येऊन बोलला असता तर मला राग आला असता. मी पस्तीस मिनिटं ऐकलं.

अखेर एक माणूस आला. "सर, तुमची तक्रार विचाराधीन आहे. निर्णय होईपर्यंत तुमचं खातं तपासणीखाली राहील. भूमिका दिसतील. स्वीकारता येणार नाहीत."

"मग तक्रार मागे घेतो!"

"तसा अर्ज करा, सर."

केला. त्यालाही तक्रार क्रमांक आला. आता दोन तक्रारी विचाराधीन होत्या आणि खातं दोन्हींखाली होतं. दोन्ही एकत्र कराव्यात असा तिसरा अर्ज मी करणार होतो. हिने माझी दोन्ही पेनं उचलून पिठाच्या डब्यात ठेवली.

एकवीस तारखेला सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मोबाइल टिंग झाला. खाली यंत्राची नेहमीची भाषा नव्हती. एका दिग्दर्शकाने स्वतः लिहिलेला मजकूर होता.

'श्रुतिका. पात्र एकच. लांबी चौदा मिनिटं. ट्रकांच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं एकटी बसलेली बाई. धाकट्या बहिणीने राहायला बोलावलंय, तिला ती फोनवर निरोप ठेवते. तुमचा मरणाचा नमुना यंत्राने आमच्याकडे चुकून पाठवला. मरण्याआधी तुम्ही 'पाणी नको' म्हणालात, ते संहितेत नाही. म्हणून विचारतोय. ध्वनिमुद्रण उद्या, घरून चालेल. सातही पानं सोबत.'

मी ते मोठ्याने वाचलं. हिने ओल्या हातांनीच मोबाइल घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, न वाचता, 'स्वीकार' दाबलं.

बटण राखाडी होतं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा. मग माझ्याकडे पाहिलं.

मी फोन लावला. "नमस्कार. आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

मी फोनचा स्पीकर बंद करायला हवा होता. घाईत भलतंच बटण दाबलं, उलट मोठा झाला. सगळ्या घरात हिचा आवाज भरला. त्या आवाजाची मालकीण टेबलाला धरून उभी. दहा वाजून नऊ. विमेवाले धावत आले. "दुसऱ्या फोनवरून लावा! माझ्या नावाने लावा!" त्यांच्या नावाने लावलं. तिथेही हीच होती. मुख्याध्यापिका बाई आल्या. "थेट त्या दिग्दर्शकाला फोन करा ना!" नंबर नव्हता. भूमिका पक्की होईपर्यंत नंबर दाखवत नाहीत. दहा पंधरा. "आपली वेळ आम्हाला मोलाची आहे," ही म्हणाली.

"अहो, हिला गप्प करा कोणीतरी!" मी ओरडलो.

मुख्याध्यापिका बाईंनी हिच्याकडे पाहिलं. मी काय बोललो ते मलाही मग ऐकू आलं.

दहा वाजून चोवीस मिनिटांनी पडद्यावरचा मजकूर फिका झाला आणि त्यावर एक पट्टी आली. भूमिका पुढील कलाकाराकडे. फोनमध्ये माणूस आला तो दहा एक्केचाळीसला. चांगला माणूस होता, उगाच कशाला नावं ठेवू.

"सर, अभिनंदन! तुमच्या सूचना वरिष्ठांना फार आवडल्या. तिन्ही मान्य झाल्यात. आता मुदत अठ्ठेचाळीस तास, सर. दुखण्याचा रकानाही काढतोय. एक तारखेपासून लागू."

"एक तारखेपासून," मी म्हणालो.

"सगळ्यांनाच फायदा होईल, सर. तुमच्यासारखे फार थोडे लोक लिहून कळवतात."

फोन ठेवला. विमेवाले काही बोलले नाहीत, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. मी नोंदवही उघडली आणि मिटली. पेनं पिठात होती.

हिने मोबाइलवर खाली सरकवलं. भूमिका गेली होती, पण सोबतची पानं उतरवलेली राहिली होती. तिने शेजारच्या खोलीतल्या छपाई यंत्रातून ती काढून आणली, टेबलाशी बसली, आणि या वेळी आधी सगळी वाचली. सातही. आम्ही तिघं उभे. मग कपाटात न जाता, आमच्यासमोर, ही बोलायला लागली.

कसं होतं ते मला सांगता येणार नाही. मला नोंदी येतात, वर्णन येत नाही. त्या बाईला ट्रक रिकामा आहे की भरलेला ते आवाजावरून कळायचं. बहिणीचा तिला राग होता आणि तो राग ती वजनाच्या गोष्टींत लपवत होती. एका पानावर ती हसली, आणि ते हसू मी ओळखलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून. मुख्याध्यापिका बाईंनी खुर्ची ओढून घेतली. विमेवाल्यांनी चपला काढल्या, का कोण जाणे.

पाचव्या पानावर आवाज चिरला. ही तशीच बोलत राहिली, चिरलेला आवाज त्या बाईचाच असल्यासारखी. सहाव्याच्या मध्यावर नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. हवाच आली. तिने घशावर हात ठेवला आणि उरलेली पानं माझ्यापुढे केली.

"मी?"

तिने बोट ठेवलं. इथून.

माझा आवाज फाइलचे क्रमांक पुकारायचा आहे. मी वाचलं. वजनकाट्यावरची बाई माझ्या तोंडून पाणीकपातीच्या सूचनेसारखी आली. शेवटची ओळ होती, 'मी येत नाही. पण दार लावून घेऊ नकोस.' मी ती वाचली आणि पान खाली ठेवलं.

हिने हात वर केला. पुन्हा.

पुन्हा वाचलं. तिने तळहात हळूहळू खाली आणला. सावकाश. तिसऱ्यांदा इतकं सावकाश वाचलं की विमेवाले खोकले. पुन्हा हात वर.

"अगं, मला येतं का हे?" मी चिडलो. "मी काय कलाकार आहे? चार लोकांसमोर कशाला शोभा करतेस माझी?"

ती वाट बघत राहिली. रागावली नव्हती. घाईही नव्हती तिला. पेन्सिल घेऊन तिने शेवटच्या दोन वाक्यांच्या मध्ये एक लांब रेघ मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी 'मी येत नाही' म्हणालो. मग त्या रेघेवर थांबलो. थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की या बाईला जायचं नाहीये, पण उद्या कोणी बोलावलंच नाही तर, याची तिला भीती वाटतेय. पुढचं वाक्य मी म्हणालो ते मला नीट ऐकू आलं नाही.

या वेळी हिचा हात वर गेला नाही.

"आता जमलं, साहेब," विमेवाले हळूच म्हणाले.

हिने सातही पानं गोळा केली, टेबलावर आपटून कडा जुळवल्या, पहिलं पान वर घेतलं आणि गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.